डाव्या बाजूची मोकळी जागा

"जनरेट झालेला कोड कोण वाचतंय?" हे वाक्य आमच्या कामात मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली कुणी ते प्रश्न म्हणून विचारतच नाही. यंत्राने लिहिलं, यंत्रच चालवणार, मग ओळ कुठून सुरू झाली याची, म्हणजे इंडेंटेशनची, डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेची, उठाठेव कशाला, असा त्यामागचा भाव. मला तो पटत नाही. मी पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा कोड लिहिते, म्हणजे जनरेटर, आणि माझा अनुभव अगदी उलटा आहे. हाताने लिहिलेल्या कितीतरी फाइली वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. जनरेट झालेली फाइल मात्र हमखास उघडली जाते. उघडली जाते ती काहीतरी बिघडलेलं असताना, घाईत, आणि ती पूर्वी कधीच न बघितलेल्या माणसाकडून.

आमचं ऑफिस ऐरोलीत. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आणि उतरायचं. काम कार्डांच्या व्यवहारांचं. दुकानात कार्ड मशीनला लावलं की तिथून बँकेपर्यंत जो संदेश जातो त्याचा एक ठरलेला साचा असतो, आयएसओ ८५८३ नावाचा. त्यात १२८ पर्यंत फील्ड, म्हणजे माहितीचे कप्पे, असू शकतात. संदेशाच्या सुरुवातीला बिटमॅप, म्हणजे ० आणि १ ची रांग, असतो. त्यात ज्या फील्डचा बिट १ आहे तेवढीच फील्ड पुढे येतात. ४ नंबरचं फील्ड रकमेचं, १२ अंकी. ३९ नंबरचं बँकेच्या उत्तराचं, व्यवहार मंजूर की नामंजूर. ५५ नंबरचं चिपच्या माहितीचं, आणि त्याच्या पोटात पुन्हा टॅग, लांबी, मूल्य अशी रांग. प्रत्येक बँकेची या साच्याची आपापली तऱ्हा असते, म्हणून दर वेळी हाताने पार्सर, म्हणजे संदेश फोडून वाचणारा कोड, लिहिणं कंटाळवाणंही आणि धोक्याचंही. आम्ही फील्डांचा तक्ता आत घालतो. बाहेर जावा, पायथॉन आणि गो या तिन्ही भाषांतला कोड पडतो. हजारो ओळी, एकाही माणसाने न टंकलेल्या.

आता रात्री व्यवहार अडकले असं समजा. एररमध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर येतो, आणि ती फाइल असते आमच्या जनरेटरने लिहिलेली. समोर बँकेतला इंजिनिअर बसलेला असतो. त्याने आमचा जनरेटर पाहिलेला नाही, टेम्प्लेट पाहिलेले नाहीत, त्याच्याकडे फक्त ती फाइल आहे. त्याला एवढंच हवं असतं: ही ओळ कुठल्या अटीच्या आत आहे? ५५ नंबरचं फील्ड आलं असेल तरच चालते, की नेहमीच? हे त्याला डोळ्यांनी, वरून खाली बघता बघता कळलं पाहिजे. ते कळतं ते डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेवरून. कंस मोजत बसायला त्या वेळी कुणाला सवड नसते.

डोळा त्या जागेवर किती विश्वास टाकतो याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २०१४ सालचं आहे. त्या फेब्रुवारीत अ‍ॅपलने तातडीने एक सुरक्षा-दुरुस्ती काढली. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणारं जे फंक्शन होतं, त्यात 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. वर 'इफ' होतं, पण त्याला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे इफच्या ताब्यात पहिलीच ओळ होती. दुसरी ओळ नेहमीच चालायची, पुढची खरी तपासणी वगळली जायची, आणि तोवर चूक काहीच नोंदलेली नसल्यामुळे फंक्शन "सगळं ठीक" असं सांगून बाहेर पडायचं. दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर खाली, तेवढीच आत सरकवलेली होती. वाचणाऱ्याला दोन्ही इफच्या आत दिसणार, कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला मात्र एकच. २०१६ साली आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरने अशा फसव्या इंडेंटेशनसाठी वेगळा इशारा देणं सुरू केलं. अ‍ॅपलचा तो कोड काही जनरेट केलेला नव्हता. पण माझ्या दृष्टीने त्यातलं शिकण्यासारखं तेच आहे: मोकळी जागा हे एक विधान असतं. ती खोटं बोलू शकते. आणि जनरेटरच्या हातात ती दिली, तर तो एकच खोटं हजार ठिकाणी बोलतो.

आता ही जागा बिघडते कशी ते सांगते, कारण बहुतेक लोकांना ती निष्काळजीपणाची गोष्ट वाटते, आणि तसं नाहीये.

बहुतेक जनरेटर टेम्प्लेटवर चालतात. टेम्प्लेट म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांत गुंफलेले. एक टेम्प्लेटचा स्वतःचा: प्रत्येक फील्डसाठी फिर, फील्ड ऐच्छिक असेल तर ही ओळ घाल. दुसरा, जो बाहेर पडणार आहे तो. दोघांनाही डाव्या बाजूची जागा हवी असते आणि ती जागा एकच आहे. टेम्प्लेटमधला लूप, म्हणजे ते फिरणं, नीट दिसावा म्हणून त्याच्या आतल्या ओळी चार घरं, म्हणजे चार स्पेस, सरकवल्या, की ती चार घरं जशीच्या तशी बाहेरच्या कोडमध्ये उतरतात. बाहेरचा कोड सरळ यावा म्हणून सगळं डावीकडे ओढलं, की टेम्प्लेटमध्ये कुठला लूप कुठे संपला ते कळेनासं होतं.

पायथॉनवाल्यांकडे जिंजा नावाचं टेम्प्लेट इंजिन सर्रास वापरतात. त्यात लूपची सूचना ज्या ओळीवर लिहिलेली असते, ती ओळ बाहेर रिकामी ओळ म्हणून उरते. हे टाळायला ट्रिम ब्लॉक्स आणि एलस्ट्रिप ब्लॉक्स अशी दोन सेटिंग आहेत. पहिलं सूचनेच्या लगेच पुढची नवी ओळ काढून टाकतं, दुसरं सूचनेच्या आधीची मोकळी जागा. दोन्ही मुळात बंद असतात. कोड जनरेट करायचा असेल तर दोन्ही चालू करूनच पहिली ओळ लिहावी, असं माझं ठाम मत आहे. कारण ती बंद ठेवली की लोक वजाच्या चिन्हाकडे वळतात. सूचनेच्या कंसाला वजा लावला की त्या बाजूची सगळी मोकळी जागा जाते, नव्या ओळींसकट. मग दोन वेगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात. जावामध्ये ते कुरूप दिसतं, पण चालतं. पायथॉनमध्ये फाइलच मोडते.

याहून चिवट अडचण आहे ती अनेक ओळींच्या तुकड्याची. ५५ नंबरचं फील्ड वाचणारा तुकडा आम्ही वेगळा तयार करतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी लागतो. समजायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहिते:

लांबी = वाच(३)
जर लांबी > मर्यादा:
    चूक_नोंदव()
पुढे_सरक(लांबी)

आता हा तुकडा एका फंक्शनच्या आत, त्यातही एका अटीच्या आत बसवायचा आहे, म्हणजे आठ घरं आत. टेम्प्लेटमध्ये आठ घरं सोडून तुकड्याचं नाव लिहिलं, तर बाहेर हे येतं:

        लांबी = वाच(३)
जर लांबी > मर्यादा:
    चूक_नोंदव()
पुढे_सरक(लांबी)

पहिली ओळ आठ घरं आत गेली, कारण ती आठ घरं टेम्प्लेटमध्ये तिच्या आधी होती. बाकीच्या ओळींना त्याचा पत्ताच नाही. टेम्प्लेट इंजिनच्या लेखी तो तुकडा म्हणजे अक्षरांची एक माळ. मधली नवी ओळ हे त्याच्यासाठी आणखी एक अक्षर. यासाठी जिंजात इंडेंट नावाचा फिल्टर आहे, आणि तो पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी सरकवतो, अगदी याच कारणासाठी. पण घरांचा आकडा आपणच सांगायचा. म्हणजे टेम्प्लेटमध्ये हाताने सोडलेली आठ घरं एकीकडे आणि फिल्टरला दिलेला ८ दुसरीकडे. उद्या कुणी ती अट काढली आणि तुकडा चार घरं बाहेर आणला, तर आकडा बदलायची आठवण ठेवावी लागते. हेल्म वापरून क्लाउडवरची कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्यांना हे दुखणं रोजचं आहे. तिथे यामल असतं, म्हणजे मोकळ्या जागेवरूनच रचना ठरणारी मांडणी, आणि त्यांच्या टेम्प्लेटमध्ये एनइंडेंट ८, एनइंडेंट १२ असे आकडे सगळीकडे पेरलेले दिसतात. प्रत्येक आकडा म्हणजे माणसाने मोजून लिहिलेली खोली.

सगळ्यात वाईट प्रकार तो, ज्यात काहीच मोडत नाही. वरच्या तुकड्यात शेवटची ओळ, पुढे सरकण्याची, चुकून चार घरं आत गेली असं समजा. पायथॉन तक्रार करणार नाही. पण आता पुढे सरकणं फक्त चूक झाली तरच होणार. साधा व्यवहार आला की वाचणारा काटा जागचा हलणार नाही आणि पुढची सगळी फील्ड चुकीच्या जागेवरून वाचली जातील. चार रिकाम्या घरांनी हे होतं.

म्हणून मला जी गोष्ट या सगळ्यातून पटली आहे ती अशी: इंडेंटेशन मजकुराचा भाग म्हणून लिहूच नये. कोडच्या रचनेतून ते निघालं पाहिजे, आणि काढणारं ठिकाण एकच असलं पाहिजे. खोली किती आहे हे ज्याला माहीत आहे त्यानेच घरं सोडावीत, दुसऱ्या कुणी नाही.

याची साधी रीत जुनी आहे आणि बऱ्याच ठिकाणी दिसते. एक लिहिणारा ऑब्जेक्ट करायचा, तो सध्याची खोली लक्षात ठेवतो. ब्लॉक, म्हणजे एखाद्या अटीच्या किंवा लूपच्या आतल्या ओळींचा गट, उघडला की त्याला 'आत' सांगायचं, मिटला की 'बाहेर'. प्रत्येक नव्या ओळीच्या आधी घरं तो सोडतो. गुगलच्या प्रोटोकॉल बफर्सचा कंपायलर असंच करतो. त्याच्या प्रिंटरला इंडेंट आणि आउटडेंट अशी दोन फंक्शनं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये इंडेंटेड टेक्स्ट रायटर नावाचा क्लास याच कामासाठी आहे, आणि त्यांच्या टी-फोर टेम्प्लेटमध्ये पुश इंडेंट, पॉप इंडेंट. स्ट्रिंग टेम्प्लेट या इंजिनने तर ही जबाबदारी स्वतःकडेच घेतली: एखादा तुकडा ज्या खोलीवर बसवला, त्या खोलीवर त्याच्या सगळ्या ओळी आपोआप येतात. एक्सटेंड नावाच्या भाषेत मला फार आवडलेली एक सोय आहे. तिथे टेम्प्लेटच्या लूपसाठी सोडलेली जागा आणि बाहेर जाणाऱ्या कोडची जागा, या दोन्ही इंजिन वेगवेगळ्या ओळखतं, आणि एडिटर त्या वेगळ्या रंगात दाखवतो. दोन प्रोग्राम एकाच जागेवर भांडतात हे ज्याने ओळखलं, त्याने केलेली ती सोय आहे, हे वापरताना जाणवतं.

आम्ही लिहिणाऱ्या ऑब्जेक्टची रीत घेतली, त्यात एक भर घालून. त्याला आम्ही रायटर म्हणतो. 'आत' आणि 'बाहेर' वेगवेगळे सांगायची मुभाच ठेवली नाही. ब्लॉक एका फंक्शनला द्यायचा, ते आत जातं, आतलं लिहितं आणि स्वतःच बाहेर येतं. बाहेर यायचं राहून गेलं, असं होऊच शकत नाही.

इथे कुणीही विचारेल की फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारी साधनं, असताना ही खटपट कशाला. वाटेल तसा कोड टाका, मागून फॉर्मॅटर फिरवा. आमच्याकडच्या नव्या मुलाने अगदी पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर हेच विचारलं. "ताई, गोसाठी गोफॉर्मॅट आहे, पायथॉनसाठी ब्लॅक आहे, जावासाठीही आहेत. हा सगळा रायटरचा कोड काढून टाकू या ना." प्रश्न रास्त आहे. गो भाषा २००९ साली जाहीर झाली तेव्हापासून तिच्याबरोबर फॉर्मॅटर आहे. त्याने टॅब की स्पेस, कंस कुठे, हे वाद त्या भाषेपुरते संपवले. गोमध्ये जनरेट केलेला कोड लिहून झाला की तो प्रोग्राममधूनच फॉर्मॅट पॅकेजला द्यायचा, हा रिवाज आहे आणि तो चांगला आहे. ब्लॅक २०१८ सालचा. ओळ ८८ अक्षरांपर्यंत, आणि सेटिंग जवळजवळ नाहीतच. लांब ओळ कुठे मोडायची हा प्रश्नही काही सोपा नाही. डेरेक ओपेन यांनी १९८० साली प्रीटीप्रिंटिंगवर जो शोधनिबंध लिहिला त्यात तो नीट मांडलेला आहे, आणि पुढच्या कित्येक फॉर्मॅटरांची मुळं तिथे सापडतात. ते सगळं आपण आपल्या जनरेटरमध्ये पुन्हा लिहिणं म्हणजे वेळ घालवणं.

पण मी त्याला म्हटलं, "पायथॉनचा रायटर नाही काढायचा." जावात आणि गोमध्ये रचना कंसांत असते. सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवल्या तरी कंस बघून फॉर्मॅटर खोली परत काढू शकतो. पायथॉनमध्ये मोकळी जागा हीच रचना. १९६६ साली पीटर लँडिन यांनी रचना जागेवरून ठरवायच्या या नियमाला फुटबॉलमधल्या ऑफसाइडचं नाव दिलं. पायथॉन १९९१ साली तोच विचार घेऊन आलं. पायथॉनचा टोकनायझर, म्हणजे कोडचे सुटे तुकडे (टोकन) पाडणारा भाग, ओळीच्या सुरुवातीची घरं मोजतो, आधीच्या खोल्यांची एक चवड ठेवतो, आणि फरक दिसला की स्वतः 'इंडेंट' किंवा 'डीडेंट' असं टोकन तयार करतो. दुसऱ्या भाषेत जे काम उघडणारा आणि मिटणारा कंस करतो ते इथे हे टोकन करतं. ती जागा चुकली तर ब्लॅकला काय कळणार? तो मुकाट्याने चुकीची रचना सुबक करून देईल. पुढे सरकण्याची ती ओळ चार घरं आत आहे, तर ती चार घरं आतच राहील, फक्त आजूबाजूचं सगळं नेटकं दिसेल. आणि फाइल मोडलेलीच असेल तर फॉर्मॅटर ती वाचायलाच तयार होत नाही, मग कुठलाही.

माझे सासरे मोडी वाचतात. निवृत्तीनंतर शिकले, आणि आता ओळखीपाळखीतले लोक जमिनीचे जुने कागद घेऊन आमच्या नौपाड्यातल्या घरी येतात. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ मारून घ्यायचा आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी एकच. कारकुनाचा वेग त्यातून साधायचा. सासरे आधी संपूर्ण ओळ अक्षरं सोडवत बालबोधीत उतरवून घेतात, सलग, आणि मग पेन्सिलीने शब्द तोडतात. एकदा मी शेजारी बसले होते, ते एकाच ठिकाणी पेन्सिल टेकवून बराच वेळ थांबले. विचारलं, "बाबा, काय अडलं?" म्हणाले, "अगं, इथे तोडलं तर एक नाव होतं, एक अक्षर पुढे तोडलं तर दुसरंच. लिहिणाऱ्याला माहीत होतं, त्याने सोडलं नाही. आता मी अंदाज करायचा." मग ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्या भागातली आडनावं शोधत बसले. १८९३ सालचं ते ग्रंथालय त्यांच्या पिढीला घरासारखं आहे. लिहिणाऱ्याला एका क्षणात सोडता आली असती अशी एक जागा, आणि ती शोधायला वाचणाऱ्याचे तीनचार दिवस. पायथॉनचा फॉर्मॅटर त्यांच्यापेक्षाही लाचार आहे, त्याला ग्रंथालयात जाता येत नाही. रचना माहीत असते ती लिहिण्याच्या क्षणी, जनरेटरला. तेव्हाच ती सोडायची.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे हमखास भेटते, आणि जिच्यावर मला इंग्रजी पुस्तकांत कधी काही सापडलं नाही. एका सहकारी बँकेच्या कामात फील्डांची वर्णनं तक्त्यात मराठीत होती. चांगली होती, शाखेतल्या माणसांनी लिहिलेली. ती आम्ही जनरेट झालेल्या कोडमध्ये प्रत्येक फील्डच्या ओळीच्या शेवटी टिप्पणी म्हणून घातली. जावामध्ये आधी मराठी नावं, मग त्यांच्या पुढे प्रकार आणि लांबी, सगळं उभ्या रांगेत एकाखाली एक यावं अशी मांडणी होती. बाहेर आलं ते वेडंवाकडं. एक ओळ दोन घरं पुढे, दुसरी एक घर मागे.

'रक्कम' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात: र, क्क, म. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, ती पाच आहेत: र, क, हलन्त, क, म. ती साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे पंधरा. पायथॉनला लांबी विचारली तर तो ५ सांगतो, गोला विचारली तर १५. पडद्यावर किती जागा व्यापली जाईल हे दोघांनाही माहीत नाही. ते फाँट ठरवतो. 'लांबी' या शब्दाचंही तसंच: दोन अक्षरं, पाच चिन्हं. तेव्हा "वीस घरं होईपर्यंत पुढे मोकळी जागा भर" असं सांगितलं की प्रत्येक ओळीला जोडाक्षरं आणि मात्रा असतील तितकी चूक पडते. गोच्या फॉर्मॅटरलाही हे सुटलेलं नाही. ओळीच्या शेवटच्या टिप्पण्या तो एका रेषेत आणतो, पण त्यामागचं टॅबरायटर पॅकेज प्रत्येक युनिकोड चिन्हाची रुंदी सारखी धरतं, आणि तसं त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलंही आहे.

टीममध्ये सूचना आली की वर्णनं इंग्रजीत करून घेऊ. मी नाही म्हटलं. ज्या माणसाला ती फाइल उघडायची वेळ येणार, त्याला 'परतावा रक्कम' वाचून जे झटकन कळतं ते घालवायचं, तेही उभी रांग सरळ दिसावी म्हणून? उलट आम्ही उभ्या रांगाच काढल्या. टिप्पणी ओळीच्या शेवटी नाही, वरच्या ओळीवर, त्या फील्डच्याच खोलीवर. डावीकडची जागा मराठीने बिघडत नाही, कारण ती मजकुराच्या आधी येते. मजकूर कितीही रुंद असो. उजवीकडच्या रांगा डोळ्याला सुखावतात, पण त्या कोडच्या रचनेबद्दल काही सांगत नाहीत. शिवाय एका फील्डचं नाव लांबलं की शेजारच्या सगळ्या ओळी सरकतात आणि बदल एका ओळीचा असताना फरक चाळीस ओळींचा दिसतो.

हा फरकाचा मुद्दा मला इंडेंटेशनइतकाच जवळचा आहे. आम्ही जनरेट झालेला कोड गिटमध्ये, म्हणजे आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, ठेवतो. सगळ्यांना हे पटत नाही, आणि बऱ्याच प्रकल्पांत बिल्डच्या वेळी तो नव्याने काढणंच बरं. पण आमच्याकडे बँकेचा ऑडिटर विचारतो की या आवृत्तीत नेमकं काय बदललं, आणि तेव्हा दोन आवृत्त्यांतला फरक हेच उत्तर असतं. तो फरक स्वच्छ हवा. म्हणून तोच तक्ता दिला की तीच फाइल, बाइट न् बाइट. ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा नको, फाइलच्या शेवटी एक नवी ओळ हवीच, विंडोजवर काढली तरी ओळीचा शेवट तोच. फॉर्मॅटरची आवृत्ती बांधून ठेवलेली. ती बदलायची तर गिटमधल्या वेगळ्या नोंदीत (कमिटमध्ये), दुसऱ्या कुठल्या बदलाबरोबर नाही. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'कोड जनरेटेड' ने सुरू होऊन 'डू नॉट एडिट' ने संपणारी गोवाल्यांच्या धर्तीची ओळ. साधनं ती ओळ ओळखतात, माणसंही.

टॅबबद्दल थोडक्यात. कोडबरोबर आम्ही मेकफाइलही, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या आज्ञांची फाइल, जनरेट करतो आणि यामलही. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे; स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासून. हे बदलावं असं त्यांना लवकरच वाटलं होतं, पण तोवर दहाबारा लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची मोडतोड नको म्हणून ते राहिलं. यामलमध्ये नेमकं उलट: इंडेंटेशनला टॅब चालतच नाही. कुणाच्या एडिटरने सेव्ह करताना टेम्प्लेटमधले टॅब स्पेसमध्ये बदलले की मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणत थांबतो, आणि ती मोकळी जागा डोळ्याला जशीच्या तशीच दिसते. एका घराची खूण काय असावी हेही म्हणून रायटरच ठरवतो, फाइलच्या प्रकारावरून. टेम्प्लेटमध्ये टॅब टंकायला मनाई आहे.

अलीकडे एआयकडून आलेले तुकडेही आमच्या टेम्प्लेटमध्ये बसवले जातात. ते दिसायला नेहमीच देखणे असतात, आणि रिव्ह्यू करताना मी त्यामुळेच सावकाश वाचते. जागेचा प्रश्न मात्र तोच जुना आहे: तुकडा पहिल्या रकान्यापासून सुरू होतो आणि तो बसवायचा असतो बारा घरं आत. रायटरमधून गेला की बसतो.

नव्या मुलाने शेवटी एक छान चाचणी लिहिली. जनरेटरचा पायथॉन कोड फॉर्मॅटर न फिरवता घ्यायचा, तो पार्स करायचा, आणि त्यातल्या ब्लॉकांचं झाड जनरेटरने मनात धरलेल्या झाडाशी ताडून बघायचं. अट, तिच्या आत लूप, लूपच्या आत अट. गाठ न् गाठ जुळली पाहिजे. फक्त फाइल चालते की नाही एवढं बघितलं असतं, तर पुढे सरकण्याची ती ओळ चार घरं आत गेलेली तिला कधीच सापडली नसती. या चाचणीला सापडते. जावाचा रायटर त्याच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही बराच हलका केला, तिथे कंस आहेत आणि फॉर्मॅटर आहे.

आता एका बँकेला याच तक्त्यातून कोबॉल या जुन्या भाषेतले कॉपीबुक, म्हणजे फील्डांची रचना सांगणाऱ्या फाइली, हवे आहेत. तिथे पंचकार्डाच्या काळापासूनचे रकाने अजून जिवंत आहेत: पहिली सहा घरं अनुक्रमाची, सातवं खुणेचं, आठव्यापासून एक भाग, बाराव्यापासून दुसरा, आणि बाहत्तरच्या पुढे काही लिहिलं तर कंपायलर बघतही नाही. रचना तिथे ०१, ०५, १० अशा पातळीच्या आकड्यांनी सांगतात. मोठा आकडा लहान आकड्याच्या पोटात. डावीकडे किती जागा सोडली याच्याशी कंपायलरला देणंघेणं नाही. कोबॉलवाली माणसं तरीही दर पातळीला चार घरं आत सरकवून लिहितात. नव्या मुलाचं म्हणणं की आकडे टेम्प्लेटमध्ये लिहू या, जागा रायटर सोडेल. मी सांगितलंय की आकडाही रायटरनेच काढायचा, त्याच खोलीवरून: पहिली पातळी ०१ आणि आठवं घर, दुसरी ०५ आणि बारावं, तिसरी १० आणि सोळावं. सोमवारपासून तो त्याला लागतोय.